पब्लिक फोल्डर बॅकअपमधून परत आले आणि वीस मिनिटांत पुन्हा नाहीसे झाले: एक्स्चेंज २००३ आणि २०१० एकत्र

टपालघर (प्रश्न)

आमच्या कार्यालयात एक्स्चेंज २००३, सर्व्हिस पॅक २ आणि एक्स्चेंज २०१०, सर्व्हिस पॅक ३ असे मायक्रोसॉफ्टचे दोन मेल सर्व्हर एकाच ऑर्गनायझेशनमध्ये चालू आहेत. स्थलांतर अर्ध्यावर आहे. निम्मी मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर गेली असून पब्लिक फोल्डरांपैकी (सगळ्यांनी मिळून वापरायच्या सामाईक फोल्डरांपैकी) काहींची प्रत दोन्हीकडे आहे, तर काहींची अजून फक्त जुन्यावरच आहे.

नऊ दिवसांपूर्वी मालकी हक्क असलेल्या एका सहकाऱ्याने आउटलुकमधून "करार" हे फोल्डर त्याखालच्या सुमारे चाळीस उपफोल्डरांसह चुकून काढून टाकले. ही गोष्ट माझ्या कानावर तब्बल पाच दिवसांनी आली. माझी स्वतःची मेलबॉक्स जुन्या सर्व्हरवर आहे. मी मूळ फोल्डरवर जाऊन "रिकव्हर डिलीटेड आयटम्स" उघडून पाहिले, पण यादी रिकामी होती. नंतर लक्षात आले की जागा वाचवण्यासाठी कोणीतरी जुन्या पब्लिक स्टोअरवरचा (पब्लिक फोल्डरांच्या डेटाबेसवरचा) काढलेल्या गोष्टी राखण्याचा कालावधी शून्य दिवसांवर आणून ठेवला होता.

म्हणून मी काढण्याच्या आदल्या शनिवारचा पूर्ण बॅकअप जुन्या सर्व्हरवर घातला. स्टोअर डिसमाउंट केले, म्हणजे सेवेतून उतरवून बंद केले, त्यातील दोन्ही फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली, "हा डेटाबेस बॅकअपने पुसला तरी चालेल" या अर्थाची खूण केली आणि विंडोजच्या एनटीबॅकअप या साधनातून जुनी प्रत परत आणली. बॅकअपमधील फोल्डर कोणी बिघडवू नये म्हणून त्याआधी दोन्ही सर्व्हरांमधले पब्लिक फोल्डरांचे रिप्लिकेशनही (एकमेकांकडे प्रती पाठवणे) मी थांबवले होते. स्टोअर माउंट होताच "करार" आणि त्याची सगळी उपफोल्डरे दिसू लागली, आतले मजकूरही उघडत होते. मात्र वीसेक मिनिटांनी मी तिथे पुन्हा गेलो तेव्हा फोल्डर नव्हते. हाच प्रकार मी दुसऱ्यांदा केला आणि पुन्हा तेच घडले.

रिप्लिकेशन थांबवलेले असताना फोल्डर जाते कुठे, आणि आता ते परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग कोणता?

रात्रपाळी (उत्तर)

पहिली विनंती अशी की चालू सर्व्हरवर तिसऱ्यांदा बॅकअप घालू नका. तो कितीही वेळा घातला तरी फळ हेच मिळेल, आणि ते का ते समजले की पुढचा मार्गही आपोआप दिसू लागेल.

एक्स्चेंजच्या या पिढीत पब्लिक फोल्डरांच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या फिरतात. पहिली म्हणजे हायरार्की, फोल्डरांची उतरंड: कोणते फोल्डर कोणाखाली आहे, त्याचे नाव काय, त्यावर कोणाला कोणते हक्क आहेत आणि त्याच्या आतल्या मजकुराची प्रत कोणकोणत्या सर्व्हरवर आहे. ही उतरंड प्रत्येक पब्लिक स्टोअरला मिळतेच. तिच्यातून कोणालाही वगळता येत नाही. दुसरी म्हणजे आतला मजकूर. तो फक्त प्रतींच्या यादीत नाव असलेल्या सर्व्हरांकडेच जातो. तुम्ही थांबवले ते मजकुराचे रिप्लिकेशन. २००३ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये आलेली आणि २०१० मध्ये कमांडने मिळणारी ही सोय उतरंडीला हात लावत नाही, आणि फोल्डर काढणे हा उतरंडीतलाच बदल आहे.

यात श्रेष्ठ-कनिष्ठ असा सर्व्हर नाही, सगळे समान आहेत. प्रत्येक बदलाला एक बदल-क्रमांक मिळतो आणि आपल्याकडे कुठपर्यंतचे क्रमांक पोहोचले आहेत हे प्रत्येक स्टोअर साध्या मेलसारख्या निरोपांतून इतरांना कळवत असते. तुम्ही शनिवारचा डेटाबेस माउंट केलात तेव्हा त्याला शनिवारनंतरचे काहीच ठाऊक नव्हते. त्याने शेजाऱ्याशी ताळा केला, मधले क्रमांक आपल्याकडे नाहीत हे त्याच्या लक्षात आले, त्याने ते मागितले आणि २०१० ने प्रामाणिकपणे पाठवले. त्या गठ्ठ्यातच "करार काढून टाकले" हाही बदल होता. व्यवस्थेच्या दृष्टीने तुमचा बॅकअप म्हणजे काही दिवस रजेवर असलेला सर्व्हर, आणि रजेवरून आलेल्याला मधल्या सगळ्या घडामोडी सांगितल्या जातात. तुमची वीस मिनिटे या निरोपांच्या जाण्यायेण्यातच गेली.

आता वेळेचा प्रश्न. तुमच्या २०१० च्या पब्लिक फोल्डर डेटाबेसवर काढलेल्या गोष्टी राखण्याचा कालावधी कोणी बदललेला नसेल, तर तो मुळात १४ दिवसांचा असतो. नऊ दिवस गेले आहेत. तेव्हा हे उत्तर पुढे वाचण्याआधी मॅनेजमेंट कन्सोलमध्ये त्या डेटाबेसच्या गुणधर्मांतला मर्यादांचा टॅब उघडा आणि तिथला आकडा साठ करा. मुदत संपलेल्या गोष्टींची झाडलोट नियोजित देखभालीच्या वेळी होते, त्यामुळे आज वाढवलेली मुदत अजून शिल्लक असलेल्या सगळ्यालाच लागू होईल. त्याच पानावर वस्तूंची वयोमर्यादा नावाची वेगळी नोंद आहे. ती चालू मजकूर जुना झाल्यावर काढण्यासाठी असते, तिला हात लावू नका.

तुम्हाला आउटलुकमध्ये यादी रिकामी दिसली, कारण तुमची मेलबॉक्स २००३ वर आहे आणि आउटलुक तुम्हाला जुन्या स्टोअरकडेच घेऊन गेले. काढलेल्या फोल्डरांचा साठा प्रत्येक स्टोअरचा स्वतंत्र असतो आणि तो रिप्लिकेट होत नाही. म्हणून आता २०१० च्या बाजूने पाहा. त्यासाठी एक्सफोल्डर्स हे साधन आहे. ते २०१० च्या सर्व्हरवरच, एक्स्चेंजच्या बिन फोल्डरमध्ये ठेवून चालवावे लागते, आणि सोबत आलेली रजिस्ट्रीची फाइल आधी चालवली नाही तर ते सुरूच होत नाही. त्यात जोडताना २०१० चाच डेटाबेस निवडा, मूळ फोल्डरखालची काढलेली उपफोल्डरे दाखवायला सांगा आणि तिथून ती परत घ्या. पूर्वीचे पीएफडीएव्हीअ‍ॅडमिन हे साधन इथे उपयोगाचे नाही. ते वेबडॅव्ह या वेबवरून मजकूर हाताळण्याच्या पद्धतीवर चालते आणि २०१० मधल्या मेलबॉक्स व पब्लिक स्टोअरांमधून वेबडॅव्ह काढून टाकलेले आहे.

एक सापळा मात्र आहे. उतरंड सगळ्यांकडे असल्यामुळे ज्या फोल्डरांच्या मजकुराची प्रत २०१० वर कधीच नव्हती, तीही या यादीत दिसू शकतात. ती परत घेतलीत तर नुसते रिकामे खोके हाती येईल. परत आलेल्या प्रत्येक फोल्डरमध्ये किती वस्तू आहेत हे "गेट-पब्लिकफोल्डरस्टॅटिस्टिक्स" या कमांडला सर्व्हरचे नाव देऊन बघा. जिथे शून्य दिसेल त्यांची यादी वेगळी काढा. ती बॅकअपमधूनच यायला हवीत, पण चालू जाळ्यात नव्हे.

चौथा मजला (उत्तर)

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही आणि तीच मला जास्त गंभीर वाटते. तुम्ही जुन्या पब्लिक स्टोअरवर शनिवारची प्रत घातलीत. मग ज्या इतर फोल्डरांची प्रत फक्त त्याच सर्व्हरवर आहे, त्यांच्यात शनिवारनंतर आलेला मजकूर कुठे आहे? ज्यांची प्रत २०१० वर आहे त्यांचे अंतर शेजारी भरून काढील. बाकीच्यांचे अंतर भरून काढायला कोणीच नाही.

बॅकअप परत आणताना त्यानंतरच्या सगळ्या लॉग फायली (प्रत्येक बदल क्रमाने नोंदवणाऱ्या) जागेवर असत्या, तर एक्स्चेंजने त्या एकापुढे एक लावून डेटाबेस आजच्या दिवसापर्यंत आणला असता. मग "करार" काढल्याची नोंदही त्यांतच असल्यामुळे ते फोल्डर तुम्हाला क्षणभरसुद्धा दिसले नसते. ते वीस मिनिटे दिसले, यावरून लॉग लागले नाहीत असे मी समजतो. सर्क्युलर लॉगिंग, म्हणजे जुन्या लॉग फायली न राखता त्यांची जागा पुन्हा वापरणे, चालू आहे काय?

टपालघर

दोघांचेही आभार. सर्क्युलर लॉगिंग चालू आहे, आणि चौथा मजला यांनी विचारले ते वाचून मला घाम फुटला, कारण तसेच झाले आहे: तक्रारींच्या फोल्डरमध्ये मधले सगळे दिवस कोरे आहेत. सुदैवाने घालण्यापूर्वीच्या पब१.ईडीबी आणि पब१.एसटीएम या दोन्ही फायली माझ्याकडे आहेत.

राखण्याचा कालावधी साठ दिवसांचा केला. एक्सफोल्डर्समधून बेचाळीस फोल्डरे परत आली. त्यांपैकी सव्वीस भरलेली आहेत आणि सोळा रिकामी. आता त्या सोळांसाठी आणि मधल्या दिवसांच्या मजकुरासाठी काय करावे? २०१० मध्ये रिकव्हरी डेटाबेस नावाची सोय आहे असे वाचले. जुना बॅकअप त्यात लावता येईल का?

जुनी फीत (उत्तर)

लावता येणार नाही. २००३ मधला रिकव्हरी स्टोरेज ग्रुप असो वा २०१० मधला रिकव्हरी डेटाबेस, दोन्ही फक्त मेलबॉक्सच्या डेटाबेससाठी आहेत. पब्लिक फोल्डरांचा डेटाबेस त्यांपैकी कोणीही स्वीकारत नाही. शिवाय २००३ चा डेटाबेस २०१० ला उघडताच येत नाही. तुमच्याकडे आहे तशी एसटीएम फाइल २००७ पासूनच बंद झाली असून आतली रचनाही बदलली आहे. आवृत्ती जिची, सर्व्हरही तिचाच लागतो.

म्हणून बंद जाळ्यात जुना सर्व्हर पुन्हा उभा करावा लागेल. असे काम मी तीनदा केले आहे आणि पहिल्या खेपेला नवे, कोरे डोमेन बनवून त्यात डेटाबेस माउंट करण्याच्या नादात दोन दिवस घालवले. मेलबॉक्सच्या बाबतीत तो मार्ग चालतो, पण पब्लिक फोल्डरांमध्ये प्रतींची यादी जुन्या स्टोअरच्या ओळखीला बांधलेली असते, त्यामुळे उतरंड दिसते आणि आतला मजकूर दिसत नाही. त्यापेक्षा एका डोमेन कंट्रोलरची (खाती आणि सर्व्हरांची डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरची) आणि जुन्या सर्व्हरची आहे त्याच नावाने प्रत बनवणे सरळ आहे. दोन्ही आभासी मशीन असतील तर काम सोपे आहे. नसतील तर डोमेन कंट्रोलरचा सिस्टिम स्टेट बॅकअप वापरा आणि त्याच नावाच्या यंत्रावर एक्स्चेंज २००३ चा सेटअप डिझास्टर रिकव्हरीच्या स्विचने चालवा. मग तो सगळी माहिती डिरेक्टरीतून उचलतो. त्यानंतर सर्व्हिस पॅक २ घालायला विसरू नका.

हे जाळे खरोखरच बंद असले पाहिजे. ही माझी ओरड इथल्या जुन्या मंडळींना परिचयाची आहे, तरी पुन्हा करतो. एका क्षणाचा जरी संपर्क आला तरी पब्लिक फोल्डरांचे निरोप सुटतीलच, आणि त्याहून वाईट म्हणजे डोमेन कंट्रोलरची जुनी प्रत चालू डिरेक्टरीशी बोलू लागेल. फायली आत नेण्यासाठी वेगळी डिस्क वापरा. "तेवढ्यापुरती" जोडलेली केबल तशीच राहून जाते.

आत गेल्यावर डोमेन कंट्रोलर स्वतःलाच डीएनएस म्हणून विचारतो आहे ना आणि तो ग्लोबल कॅटलॉग (सगळ्या डिरेक्टरीची शोधसूची ठेवणारा) आहे ना, हे आधी पाहा, कारण ग्लोबल कॅटलॉग सापडला नाही तर एक्स्चेंजच्या सेवा उभ्याच राहत नाहीत. मेलबॉक्स स्टोअरचा बॅकअप लावण्याची गरज नाही. ते माउंट करताना फायली सापडत नसून कोरा डेटाबेस तयार केला जाईल असा इशारा येतो. इथे, आणि फक्त इथेच, त्याला होकार द्या. आउटलुक उघडायला एक मेलबॉक्स लागते, ती यात बनेल. मग पब्लिक स्टोअरवर शनिवारचा बॅकअप घाला. या वेळी त्याला मधल्या घडामोडी सांगणारा शेजारी नाही, म्हणून "करार" जागेवर राहील.

रिकाम्या सोळा फोल्डरांचा मजकूर आउटलुकमधून पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकच्या स्वतःच्या साठवण फाइलमध्ये) काढा. पीएसटी युनिकोड प्रकारचीच बनवा. जुन्या प्रकारची फाइल २ जीबीला अडते, तर युनिकोडची मूळ मर्यादा आउटलुक २००३ आणि २००७ मध्ये २० जीबी, आणि २०१० मध्ये ५० जीबी आहे. काही फोल्डरांत तुम्हालाच प्रवेश नाकारला जाईल. प्रशासक असणे म्हणजे फोल्डरचे वाचक असणे नव्हे. इथे मात्र पीएफडीएव्हीअ‍ॅडमिन कामाला येते, कारण हा सर्व्हर २००३ चा आहे. त्याला डॉट नेट १.१ लागते. स्वतःला हक्क देण्यापूर्वी त्याच साधनातून सगळ्या फोल्डरांचे मूळ हक्क एका मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्या. पीएसटीमध्ये हक्क येत नाहीत, आणि चाळीस फोल्डरांचे हक्क आठवणीतून पुन्हा देण्याची पाळी कोणावर येऊ नये.

मधल्या दिवसांच्या मजकुरासाठी हेच जाळे पुन्हा वापरा. स्टोअर डिसमाउंट करून बाजूला ठेवलेल्या दोन्ही फायली तिथे ठेवा. आधी ईएसईयूटिल हे एक्स्चेंजचे डेटाबेस तपासण्याचे साधन एमएच स्विचने चालवून डेटाबेसची स्थिती "क्लीन शटडाउन" दिसते का पाहा. तुम्ही तो रीतसर डिसमाउंट करून उचलला असल्याने तशीच दिसायला हवी. ईडीबी आणि एसटीएम ही जोडी आहे. एका दिवसाची ईडीबी आणि दुसऱ्या दिवसाची एसटीएम असा मेळ लावू नका. माउंट झाल्यावर तक्रारींच्या फोल्डरमध्ये शनिवारनंतरच्या तारखांच्या वस्तू गाळून घ्या आणि तेवढ्याच पीएसटीत काढा. सगळे फोल्डर नेलेत तर चालू बाजूला प्रत्येक पत्र दोनदा दिसेल.

या मूळ फायली चालू सर्व्हरवर परत ठेवण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण मधल्या काळात त्या स्टोअरमध्ये नवा मजकूर जमू लागला आहे आणि एक भोक बुजवताना दुसरे पडेल.

रात्रपाळी

जुनी फीत यांच्या उत्तराला एकच जोड देतो. पीएसटीतला मजकूर चालू बाजूला नेताना तो २०१० वरच्या फोल्डरांतच घाला. त्यासाठी आधी त्या सोळा फोल्डरांच्या प्रतींच्या यादीत २०१० आहे याची खात्री करा, आणि यादीतून २००३ चे नाव काढून टाकले तरी हरकत नाही. तसेही तो सर्व्हर जाणारच आहे. जुन्यावर घालून तिथून नव्याकडे जाण्याची वाट पाहणे म्हणजे आणखी एका रिप्लिकेशनवर भरवसा ठेवणे आहे. मेलबॉक्स २०१० वर असलेल्या खात्याने आउटलुक उघडा आणि थांबवलेले रिप्लिकेशन आधी पुन्हा सुरू करा. ते तसेच विसरले जाते आणि आठवडाभराने भलतीकडून तक्रार येते.

टपालघर

दहा दिवस लागले, पण सोळाही फोल्डरे भरली. बंद जाळ्यात "करार" उघडून मी मुद्दाम रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी ते जागेवर होते. तक्रारींचेही मधले दिवस भरून निघाले. बाजूच्या फायलीत शनिवारनंतरच्या एकशे त्रेपन्न वस्तू होत्या.

एक नवी अडचण आली आहे. "करार" खालच्या तीन फोल्डरांना स्वतःचे ईमेल पत्ते होते आणि बाहेरची पत्रे थेट त्यांत येत. फोल्डरे परत आली, पण पत्रे येत नाहीत. २०१० वरून त्यांना पुन्हा मेल-सक्षम केले तेव्हा दोघांना जुन्या नावापुढे २ हा आकडा जोडलेला पत्ता मिळाला आणि तिसऱ्याच्या बाबतीत कमांडच चूक दाखवते.

चौथा मजला

आकडा जोडला गेला याचा अर्थ जुन्या पत्त्यावर डिरेक्टरीत कोणीतरी अजून बसून आहे. मेल-सक्षम फोल्डराची डिरेक्टरीत एक वेगळी नोंद असते, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सिस्टिम ऑब्जेक्ट्स या कंटेनरमध्ये. फोल्डर गेले तरी ही नोंद काही वेळा मागे उरते आणि पत्ता धरून बसते. ती अनाथ नोंद शोधा. काढण्यापूर्वी तिच्यावरचे सगळे पत्ते आणि लेगसीएक्स्चेंजडीएन ही ओळ (एक्स्चेंज आतल्या आत वापरते तो पत्ता) लिहून ठेवा. मग ती काढा आणि तो पत्ता नव्या नोंदीला मुख्य पत्ता म्हणून द्या. लिहून ठेवलेली ओळ एक्स५०० पत्ता म्हणून जोडणेही विसरू नका. सहकाऱ्यांच्या आउटलुकमध्ये नाव टाइप करताना आपोआप सुचवला जाणारा पत्ता तीच ओळ वापरतो, त्यामुळे ती नसली तर बाहेरची पत्रे येतील आणि घरच्यांची मात्र परत जातील.

तिसऱ्या फोल्डराच्या उपनामात मोकळी जागा आहे का ते पाहा. २००३ ला ती चालत असे. २०१० मोकळी जागा असलेले उपनाम स्वीकारत नाही आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्या नोंदीत दुसरा कोणताही बदल करू देत नाही.

टपालघर

मोकळी जागाच होती, उपनामाच्या शेवटी, डोळ्यांना न दिसणारी. तिन्ही पत्ते चालू झाले.

आता सगळ्या फोल्डरांच्या प्रती नव्याकडे नेऊन जुना सर्व्हर काढण्याचा विचार आहे. वरिष्ठ विचारत आहेत की यापेक्षा थेट एक्स्चेंज २०१३ वर का जाऊ नये.

जुनी फीत

थेट जाता येत नाही. २०१३ चा सर्व्हर २००३ असलेल्या ऑर्गनायझेशनमध्ये बसतच नाही. आधी जुना काढावाच लागतो. तिकडे पब्लिक फोल्डर मेलबॉक्समध्ये राहतात, उतरंडीची लिहिता येण्याजोगी प्रत एकाच मेलबॉक्सकडे असते आणि समान शेजाऱ्यांमधले हे रिप्लिकेशन उरत नाही. काढलेले फोल्डरही एका लपलेल्या झाडाखाली, डंपस्टर रूट नावाच्या जागी जाते आणि मुदत संपण्याआधी एका कमांडने परत हलवता येते. पण २०१० आणि २०१३ एकत्र असताना पब्लिक फोल्डर एका वेळी एकाच बाजूला राहू शकतात, आणि ते नव्या बाजूला गेले की २०१० वर उरलेल्या मेलबॉक्सना दिसत नाहीत. म्हणून आधी सगळी मेलबॉक्स, मग पब्लिक फोल्डर.

जुना सर्व्हर काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पब्लिक फोल्डरांचे झाड जुन्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुपमधून (डिरेक्टरीतल्या सर्व्हरांच्या प्रशासकीय गटातून) नव्यात आधी हलवा. नव्या ग्रुपच्या नावाच्या कंसातली विचित्र अक्षरे बघून दचकू नका. प्रत्येक अक्षर आणि आकडा एकेक घर मागे नेला की "एक्स्चेंज १२ रॉक्स" असे वाचता येते. विकासकांनी केलेली ती गंमत आहे. सर्व्हर गेल्यावर जुन्या ग्रुपखाली "सर्व्हर्स" नावाचा रिकामा कंटेनर उरला असेल तर तेवढाच काढा. तो राहिला तर २०१० च्या बाजूला पब्लिक फोल्डरांचे निरोप "डिरेक्टरीत वापरकर्ता सापडला नाही" अशा चुकीने परत जाऊ लागतात. ग्रुप मात्र ठेवा, कारण जुन्या वस्तूंची लेगसीएक्स्चेंजडीएन त्याच्या नावाने सुरू होते.

टपालघर

झाड उद्या हलवतो. जुन्या स्टोअरवरचा शून्य दिवसांचा आकडा मात्र आजच तीस केला आहे.